पाचोळ्याचा हिशेब : हबर्ड ब्रुकमधले दुसऱ्या क्रमांकाचे पाणलोट

१९६५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात, व्हाइट माउंटन्सच्या एका उतारावर, १५.६ हेक्टर जंगलातले झाडन् झाड पाडले गेले. शुगर मेपल, बीच, पिवळा बर्च, काहीही ठेवले नाही. पण एक ओंडकाही तिथून बाहेर गेला नाही. झाड बर्फावर जसे पडले तसे राहू दिले. लाकूड ओढायला वाट काढली नाही, यंत्रे फिरवली नाहीत, मातीला शक्य तितका धक्का लागू दिला नाही. पुढची तीन वर्षे दर उन्हाळ्यात तणनाशक फवारून तिथे कोंबही वर येऊ दिला नाही.

लाकूड नको आणि जमीनही नको, तर तोडले कशाला? मातीतून अन्नद्रव्ये उचलणारे कोणीच उरले नाही, तर मातीतल्या अन्नद्रव्यांचे काय होते, हे पाहायला. त्या काळी पुष्कळांना वाटत होते की माती ती धरून ठेवील. जंगलाची सुपीकता मातीत असते, झाडे फक्त ती वापरतात, अशी समजूत होती. या प्रकरणाने ती मोडली, आणि ज्या आकड्यांनी मोडली ते आजही वाचताना थबकायला होते.

ओढ्याच्या तोंडाशी बसून जंगल मोजणे

हबर्ड ब्रुकचे प्रायोगिक जंगल अमेरिकेच्या वनसेवेने १९५५ मध्ये पाण्याच्या अभ्यासासाठी राखून ठेवले. पाऊस किती पडतो, ओढ्याला किती उतरतो, एवढाच सुरुवातीचा प्रश्न होता. डार्टमथ कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट बोरमन यांच्या लक्षात आले की पाण्याबरोबर अन्नद्रव्यांचाही हिशेब इथे मांडता येईल. १९६३ मध्ये जलपरिसंस्थांचे अभ्यासक जीन लायकेन्स, भूशास्त्रज्ञ नोय जॉन्सन आणि वनसेवेतले रॉबर्ट पियर्स यांच्याबरोबर त्यांनी काम सुरू केले.

जागा अशी की दुसरीकडे शोधून सापडणार नाही. मोठ्या खोऱ्यात एकमेकांशेजारी छोटी छोटी पाणलोट क्षेत्रे, प्रत्येकाचा स्वतंत्र ओढा. हिमनदीने आणून टाकलेल्या मातीच्या थराखाली घट्ट खडक, त्यामुळे पाणी खाली मुरून हरवत नाही. जे पडते त्यातले काही हवेत परत जाते आणि उरलेले ओढ्यातून बाहेर पडते. म्हणजे जंगलाला एकच दार आहे, आणि त्या दाराशी बसले की बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट मोजता येते.

हे दार म्हणजे काँक्रीटचा एक लहानसा बंधारा. खडकाला भिडवून बांधलेला, वरच्या कडेला इंग्रजी व्हीसारखी खाच. ओढ्याचे सगळे पाणी त्या खाचेतूनच पडते. खाचेत पाणी किती उंच चढले यावरून सेकंदाला किती पाणी गेले ते कळते. खाच तळाशी अरुंद असल्यामुळे उन्हाळ्यातली बारीक धारसुद्धा नेमकी मोजली जाते. आठवड्यातून एकदा माणूस येतो, बाटली भरतो, चिठ्ठी लावतो, जातो. वर मोकळ्या जागांत ठेवलेल्या पर्जन्यमापकांतला पाऊस आणि बर्फ तपासला जातो. आत काय आले, बाहेर काय गेले, दोन्ही रकाने भरले.

आणि तोडलेल्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या, पाणलोटाशेजारी न तोडलेलेही होते. सहाव्या क्रमांकाचे १३.२ हेक्टरांचे पाणलोट मुद्दाम हात न लावता ठेवले. तोडण्याआधीची काही वर्षे ओढ्यांचे प्रवाह मापून त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध बसवून घेतला होता. त्यामुळे पुढे ‘अपेक्षेपेक्षा इतके टक्के जास्त’ असे म्हणता आले, आणि त्या ‘अपेक्षे’ला आधार होता. पर्यावरणाच्या चर्चेत आधी-नंतरची तुलना सर्रास केली जाते, पण शेजारी राखलेले जंगल क्वचितच असते. नुसती आधी-नंतरची तुलना कोरड्या वर्षाचा दोष कुऱ्हाडीवर टाकते आणि कुऱ्हाडीचा पावसावर.

शाबूत जंगलात काय चालते

तोडलेल्या जागेकडे वळण्याआधी न तोडलेल्या जागेतला व्यवहार पाहायला हवा, नाहीतर काय बिघडले हे कळणार नाही.

नत्राचे आकडे घेऊ. हेक्टरी वर्षाला साधारण ६.५ किलो नत्र पाऊस आणि बर्फातून येत होते. ओढ्यातून बाहेर जात होते ४ किलोच्या आसपास. आणि झाडे मुळांतून उचलत होती जवळपास ८० किलो. पावसातून येणाऱ्याच्या बारा पट नत्र दरवर्षी आतल्या आत फिरत होते : मातीतून मुळात, मुळातून पानात, पानातून पाचोळ्यात, पाचोळ्यातून पुन्हा मातीत. मातीत एकूण नत्र हजारो किलो, पण त्यातले बहुतेक सेंद्रिय पदार्थांत बांधलेले, झाडाला लगेच घेता न येणारे. चलनात असते ते थोडेच, आणि ते हातात फार वेळ थांबत नाही.

ऑक्टोबरमधले मेपलचे एक पान हातात घेतले तर हा व्यवहार कसा बारीक आहे ते दिसते. पानातले बरेचसे नत्र प्रकाशसंश्लेषणाच्या प्रथिनांत असते. दिवस लहान झाले आणि गारठा वाढला की झाड ही प्रथिने मोडायला घेते. हरितद्रव्यही मोडते, म्हणून हिरवा रंग जातो आणि आधीपासून पानात असलेला पिवळा दिसू लागतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. मोडलेल्या प्रथिनांतून निघालेले नत्र देठातून डहाळीत, सालीत, मुळांत परत ओढले जाते. स्फुरदाचेही तसेच. ढोबळमानाने पानातले निम्मे नत्र आणि निम्मे स्फुरद पान पडायच्या आत परत गेलेले असते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटा होतो आणि पान गळते. लोक जो रंग पाहायला जातात तो या वसुलीचा रंग.

कॅल्शियमची वसुली होत नाही. ते पाण्याबरोबर वर चढते आणि पेशींच्या भिंतींत, ऑक्झॅलेटच्या स्फटिकांत अडकून बसते. पानातून अन्नरस खाली नेणाऱ्या नळ्यांतून त्याला जवळजवळ वाटच नाही. त्यामुळे गळणाऱ्या पानात कॅल्शियमचे प्रमाण जूनमधल्या कोवळ्या पानापेक्षा जास्त असते. झाडाला ते पुन्हा हवे असेल तर पान कुजेपर्यंत थांबावे लागते.

पोटॅशियमची तऱ्हा तिसरीच. ते कशालाच बांधलेले नसते, पेशीरसात सुटे फिरत असते, म्हणून पावसाच्या सरीने पानातून धुपून खाली येते. मोकळ्या जागेत पडलेले पावसाचे पाणी आणि मेपलच्या छत्राखाली ठिबकलेले पाणी शेजारी ठेवून तपासले तर दुसऱ्यात पोटॅशियम कितीतरी पट जास्त निघते. पान अजून फांदीवर असतानाच त्याचा मातीकडे परतीचा प्रवास सुरू झालेला असतो.

एकाच पानातून तीन द्रव्ये तीन वाटांनी आणि तीन वेगांनी परततात. ‘पान कुजले, खत झाले’ या सोप्या वाक्यात हे सगळे दडून जाते.

कुजणेही दिसते तितके सरळ नाही. पाचोळ्यात कार्बन भरपूर आणि नत्र कमी. बुरशी आणि जिवाणूंना तो खायचा तर स्वतःचे शरीर बांधायला नत्र लागते, आणि पानातले पुरत नाही. मग बुरशी आपल्या तंतूंतून आजूबाजूच्या मातीतले नत्र त्या पानात ओढून आणते. पहिल्या काळात पडलेल्या पानातले नत्र कमी व्हायच्या ऐवजी वाढते! कार्बन जळत जळत प्रमाण बऱ्यापैकी खाली आले की मगच नत्र सुटे होऊ लागते. मेपलचे पान तुलनेने लवकर या टप्प्याला येते. बीचच्या पानात लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारे द्रव्य, जास्त; ते चिवट, वर्षे घेते. बीचची कोवळी झाडे तर वाळलेली पानेही हिवाळाभर अंगावर वागवतात.

या सगळ्यामुळे जमिनीवर पाचोळ्याची जणू गोधडी तयार होते : वर ताजी पाने, मध्ये अर्धवट कुजलेला चुरा, खाली काळा ह्यूमस, आणि त्याखाली खनिज माती. ही गोधडी टिकते याचे एक कारण म्हणजे गांडुळांचा अभाव. हिमयुगाच्या बर्फाने झाकलेल्या उत्तर अमेरिकेच्या भागात मूळची गांडुळे उरली नव्हती. आज आहेत ती माणसांबरोबर बाहेरून आली, आणि जिथे पोचली तिथे हा थर पाहता पाहता मातीत कालवला जातो. गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र हे वाक्य पाठ असलेल्याला हे पचायला जड जाते, पण या जंगलात तो उपरा आहे. झाडांची बारीक मुळे याच ह्यूमसच्या थरात दाटीने पसरलेली असतात, आणि मुळांना लगडलेली बुरशी सुटे होणारे अन्नद्रव्य दारातच टिपते.

गळतीचा धोका मुख्यतः एका ऋतूत असतो. बर्फ वितळते, माती पाण्याने भरते, हिवाळाभर बर्फाखाली सावकाश चाललेल्या कुजण्यातून नत्र साठलेले असते, आणि झाडांना अजून पाने नसतात. घेणारा झोपलेला आणि पाणी वाहते. या फटीत पिवळी ट्राउट लिली नावाची वीतभर उंचीची वनस्पती उगवते. झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत ती पाने काढते, फुलते, नत्र आणि पोटॅशियम उचलते, आणि उन्हाळा लागता लागता कुजून जाते. तोवर झाडे जागी झालेली असतात. हबर्ड ब्रुकमध्येच १९७० च्या दशकात यावरून ‘वसंतातला बांध’ ही कल्पना मांडली गेली. पुढे इतरत्र झालेल्या मोजमापांत असे दिसले की त्या आठवड्यांत मातीतले सूक्ष्मजीव या रोपट्यांपेक्षा बरेच जास्त नत्र अडवतात. लिलीचे श्रेय कमी झाले. फट कोणीतरी बुजवते, हे मात्र खरेच ठरले.

जून १९६६

आता तोडलेल्या पाणलोटाकडे.

हिवाळ्यात काही घडले नाही. बर्फ वितळले तेव्हाही ओढ्याच्या पाण्याच्या रसायनात फारसे वेगळे काही दिसले नाही. मग जूनच्या सुरुवातीला नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात सहज विरघळणाऱ्या नत्राच्या रूपाचा, आकडा चढू लागला. शेजारच्या शाबूत पाणलोटात याच दिवसांत तो खाली येतो, कारण झाडे पालवतात आणि नायट्रेट उचलतात. इथे उचलणारे कोणी नव्हते. ही चढण तणनाशकाची पहिली फवारणी व्हायच्या आधीच सुरू झाली होती. पुढे वाद पेटला तेव्हा ही बारीक गोष्ट मोलाची ठरली.

पहिल्या वर्षी ओढ्यातले नायट्रेट न तोडलेल्या स्थितीच्या ४१ पट झाले. दुसऱ्या वर्षी ५६ पट. पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा जवळजवळ सतत ओलांडली जात होती. हे डोंगरातल्या ओढ्याचे पाणी आहे, वर एक घर नाही, शेत नाही, खताचे पोते नाही, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. पाणीही वाढले : पहिल्या वर्षी अपेक्षेपेक्षा ३९ टक्के, दुसऱ्या वर्षी २८ टक्के जास्त, कारण पानांतून हवेत जाणारे पाणी आता खाली वाहत होते. जास्त पाणी म्हणजे द्रावण पातळ व्हायला हवे. तरीही दोन वर्षांत कॅल्शियमची सरासरी तीव्रता ४१७ टक्क्यांनी वाढली, मॅग्नेशियमची ४०८ टक्क्यांनी, सोडियमची १७७ टक्क्यांनी आणि पोटॅशियमची तब्बल १,५५८ टक्क्यांनी. मुख्य घटकांत घटले ते सल्फेट. पाण्याचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितके पाणी आम्ल) ५.१ वरून ४.३ वर आला. ऊन थेट पडू लागल्याने ओढा तापला, आणि नायट्रेट व प्रकाश दोन्ही मिळाल्यावर एरवी स्वच्छ असणाऱ्या दगडांवर हिरवे शेवाळ माजले.

नायट्रेटच्या रूपात गेलेल्या नत्राचे वजन काढले तर पहिल्या वर्षी हेक्टरी ९७ किलो आणि दुसऱ्या वर्षी १४२ किलो. वर झाडे वर्षाला सुमारे ८० किलो उचलतात असे म्हटले होते. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची तुलना हीच वाटते. झाडे जेवढे उचलत होती तेवढे, आणि वर आणखी काही, ओढा घेऊन गेला. माती पूर्वीइतकेच, किंबहुना उन्हाने तापल्यामुळे जास्तच, नत्र सुटे करत होती. तिने जंगल असतानाही ते धरून ठेवले नव्हते. ती फक्त सोडत होती, आणि झाडे झेलत होती.

पण नत्र गेले तर त्यामागे कॅल्शियम का गेले? त्याला तर कोणी मोकळे केले नव्हते.

याचे उत्तर मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर आहे. चिकणमाती आणि ह्यूमस यांच्या कणांवर ऋणभार असतो, आणि त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असे धनभारित आयन चिकटून बसलेले असतात. कुजण्यातून नत्र आधी अमोनियमच्या रूपात बाहेर पडते. अमोनियमही धनभारित, म्हणून तेही चिकटू शकते. जंगल शाबूत असते तेव्हा यातले बहुतेक मुळे आणि सूक्ष्मजीव लगेच घेतात. पण घेणारे गिऱ्हाईक कमी झाले की नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचे फावते. ते अमोनियमचे नायट्रेट करतात, आणि या क्रियेत हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे आम्ल तयार होते. हायड्रोजन कणांवरच्या जागांवर घुसतो आणि तिथल्या कॅल्शियम-पोटॅशियमला उठवतो. नायट्रेट ऋणभारित, त्याला मातीचा कण जवळ करत नाही, ते पाण्याबरोबर निघते. आणि पाण्यात ऋणभार एकटा जात नाही, सोबत तेवढाच धनभार लागतो. जागेवरून उठवलेले कॅल्शियम सोबतीला तयारच असते. एक क्रिया, दोन फटके : नत्र गेले आणि जाताना चुलीतली लाकडेही घेऊन गेले. सामू का घसरला तेही याच वाटेने कळते.

सल्फेट का कमी झाले, याचा बराचसा भाग म्हणजे वाढलेल्या पाण्याने झालेली विरळता, एवढे सांगून पुढे जातो.

‘असे कोण तोडतो?’

निष्कर्ष छापून आले तेव्हा अमेरिकेत सरकारी जंगलांतल्या सरसकट तोडीवरून आधीच रान पेटले होते. तोडीच्या विरोधकांना आयते हत्यार मिळाले. वनाधिकारी आणि लाकूड व्यवसायातले लोक म्हणाले, असे कोण तोडतो? आम्ही तोडतो ते लाकूड नेण्यासाठी, आणि नंतर जंगल वाढू देतो; तीन वर्षे विष फवारून जमीन उघडी कोण ठेवतो?

आक्षेप रास्त होता. या प्रयोगाचा हेतू वनव्यवसायाची नक्कल करणे हा नव्हताच. यंत्राचा एक भाग काढून ठेवायचा आणि बाकीचे कसे चालते ते पाहायचे, ही त्यामागची रीत. पण वर्तमानपत्रात पोचेपर्यंत असे फरक टिकत नाहीत. म्हणून हबर्ड ब्रुकमध्ये पुढचे प्रयोग खऱ्या तोडीचे झाले. चौथ्या क्रमांकाचे पाणलोट पट्ट्यापट्ट्यांनी तीन टप्प्यांत तोडले : १९७०, १९७२ आणि १९७४. आणखी एक लहान पाणलोट १९७० मध्ये एकदम तोडून लाकूड नेले आणि पुन्हा वाढू दिले. पाचव्या क्रमांकात १९८३-८४ च्या हिवाळ्यात फांद्यांसकट अख्खी झाडे बाहेर नेली. तिन्ही ठिकाणी नायट्रेट चढले, पण दुसऱ्या क्रमांकाइतके नाही, आणि काही वर्षांत उतरले. पट्ट्यांनी तोडलेल्या ठिकाणी ते सगळ्यात कमी चढले, कारण तोडलेल्या पट्ट्यातून निसटलेले बरेचसे खालच्या उभ्या झाडांनी टिपले. यंत्र तेच, फक्त घेणारे लवकर परत आले.

अख्खे झाड नेण्यात एक वेगळीच मेख आहे. ओढ्यातून गळती कमी दिसली तरी साल, फांद्या आणि डहाळ्यांबरोबर जे कॅल्शियम ट्रकवर चढले ते बंधाऱ्याच्या खाचेतून जातच नाही. ते मोजायला दुसरे दार लागते.

जमिनीत निजलेले बी

१९६८ नंतर फवारणी थांबली आणि दुसऱ्या क्रमांकाचे पाणलोट आपल्या नशिबावर सोडले. तीन वर्षे उघड्या पडलेल्या, धुपलेल्या जागेत काय येणार, असा प्रश्न होता. इतर रोपझुडपांबरोबर आली पिन चेरी.

हे झाड सावलीत जगत नाही आणि फार वर्षेही जगत नाही. मोठ्या जंगलात ते दिसतही नाही. पण पक्ष्यांनी टाकलेले त्याचे बी ह्यूमसच्या थरात दशकानुदशके निजून राहते. जंगल उघडे पडले की उगवते, आणि असे उगवते की पाय ठेवायला जागा उरत नाही. नत्राचे खत घातल्यावर हे बी जास्त रुजते, असे इतर ठिकाणच्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे ज्या नायट्रेटच्या रूपात जंगल गळत असते त्याचीच चाहूल या बीला लागत असावी. पिन चेरी भराभर पाने काढते, आणि तिचे पान नत्राने संपन्न असते. काही वर्षांत दुसऱ्या क्रमांकाच्या ओढ्यातले नायट्रेट खाली आले, इतके की शेजारच्या जुन्या जंगलापेक्षाही कमी झाले. वाढत्या वयाचे जंगल जुन्यापेक्षा हावरे असते.

कॅल्शियम मात्र नत्रासारखे परतत नाही. नत्र हवेतून येऊ शकते : पावसातून, जिवाणूंकडून. कॅल्शियमचे मूळ खडकात, आणि न्यू हॅम्पशरचा हा खडक झिजायला फार वेळ घेतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

कुऱ्हाड न लावता तेच

याच बाटल्यांतून दुसरी गोष्ट निघाली. १९६३ मध्ये इथे गोळा केलेल्या पावसाच्या एका नमुन्याचा सामू ३.७ होता. आसपास कारखाना नसलेल्या डोंगरात पाऊस इतका आंबट कसा, हे शोधताना उत्तर अमेरिकेतल्या आम्लवर्षेची कहाणी उलगडली, आणि १९७२ मध्ये लायकेन्स, बोरमन आणि जॉन्सन यांनी ती मांडली.

मातीच्या दृष्टीने आम्लवर्षा म्हणजे दुसऱ्या क्रमांकात घडलेलेच, फक्त संथ गतीने आणि वरून. तिथे हायड्रोजन नायट्रीकरणातून आला, इथे धुराड्यांतल्या गंधकातून आणि नायट्रोजन ऑक्साइडांतून. जागेवरून उठणारे कॅल्शियम तेच, ओढ्याची वाट तीच. अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्यासाठी केलेल्या १९९० च्या कायद्यानंतर धुराड्यांवर बंधने आली, पावसातले आम्ल घटले, आणि ओढे लवकर सावरतील अशी आशा होती. ते फार सावकाश सावरले. १९९६ मध्ये दशकांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर कारण दिसले : आम्ल निवळवणारे कॅल्शियमच मातीतून मोठ्या प्रमाणात निघून गेले होते. सहाव्या क्रमांकातले जंगल, ज्याला कोणी हात लावला नव्हता, त्याची वाढही १९८० च्या दशकापासून थबकली होती. ज्याला आपण ‘शाबूत’ म्हणून मापदंड मानत होतो तोच आतून पोखरला जात होता, ही या अभ्यासातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट.

मग उलटा प्रयोग. ऑक्टोबर १९९९ मध्ये हेलिकॉप्टरमधून पहिल्या क्रमांकाच्या, सुमारे १२ हेक्टरांच्या पाणलोटावर वोलॅस्टोनाइटच्या गोळ्या पसरल्या. वोलॅस्टोनाइट म्हणजे कॅल्शियम सिलिकेट. साधा चुना टाकला असता तर झटका बसला असता. हे खनिज खडक झिजावा तसे हळू विरघळते. गेले तेवढे कॅल्शियम परत द्यायचे आणि काय होते ते पाहायचे.

मेपलने ते घेतले. पानांतले कॅल्शियम वाढले, शेंडे दाट झाले, रोपे जास्त जगली. २००३ च्या हिवाळ्यात त्या भागातल्या लाल स्प्रूसच्या सुया थंडीने करपल्या, तेव्हा या पाणलोटातल्या स्प्रूसना कमी इजा झाली. थंडी सोसण्यात पेशींच्या पटलांजवळच्या कॅल्शियमचा हात असतो. झाडांनी पाणीही जास्त प्यायले, इतके की पहिली काही वर्षे ओढ्याचे पाणी घटले.

दहा-बारा वर्षे हे असे चांगले चालले. मग २०१३ च्या सुमारास बंधाऱ्यावरच्या बाटल्यांत नायट्रेट चढू लागले, शेजारच्या ओढ्याच्या तुलनेत कितीतरी पट. इथे कोणी झाड तोडले नव्हते. आम्लता कमी झाल्यावर पाचोळ्यातले सूक्ष्मजीव सुखावले होते, आणि आम्लामुळे वर्षानुवर्षे न कुजता साठलेली गोधडी ते आता खाऊ लागले होते. तिच्यात बांधलेले नत्र सुटे झाले, आणि झाडांना झेलता येईल त्यापेक्षा जास्त झाले. नत्र जमा करणारे पाणलोट नत्र घालवणारे झाले. कॅल्शियम परत दिले होते हेलिकॉप्टरने, एका महिन्यात. त्याचा जबाब ओढ्याच्या तोंडाशी पोचायला चौदा वर्षे लागली.